मधलं नाव कुणाचं? (आमच्या घरच्या ग्रुपवरची दोन दिवसांची चर्चा)

शनिवार

सुधाआत्या: गुरुजींचा फोन आला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यातला मुहूर्त नक्की. सकाळचा आहे. लिव्हरमोरच्या देवळात हॉल मिळतो का ते नंदूने बघायचं. मुक्ता, तुझं ते लग्नाचं सरकारी लायसन्स आत्ताच काढून टाक, दिवाळीच्या सुट्टीत. नंतर घाई होते.

नाना: 🙏

मुक्ता: आत्या, आत्ता काढून उपयोग नाही गं. कॅलिफोर्नियात लायसन्स ९० दिवसच चालतं. ५ नोव्हेंबरला काढलं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बाद. मुहूर्तावर हातात नुसता कागद.

सुधाआत्या: लग्नाला मुदत?

मुक्ता: लग्नाला नाही, परवानगीला. ९० दिवसांत लग्न लागलं नाही तर परत अर्ज, परत फी.

बाबा: मग कधी काढणार?

मुक्ता: जानेवारीत. थांबायची अट इथे नाही, आज काढलं तर आजही लग्न लावता येतं. फक्त आम्ही दोघांनी एकत्र जाऊन समोर उभं राहायचं, पासपोर्ट घेऊन. अर्ज आधी ऑनलाइन भरून ठेवता येतो, पण तो भरला म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही.

निखिलदादा: आमच्याकडे न्यू जर्सीत ७२ तास थांबावं लागलं होतं. आणि अर्ज करतानाच एक साक्षीदार बरोबर. मी रूममेटला झोपेतून उठवून नेला होता. शिवाय आमच्याकडे हे काम काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, नसतं, गावाच्या रजिस्ट्रारकडे जायचं. माझा एक मित्र आठवडाभर काउंटीच्या ऑफिसला फोन करत बसला होता 😄

बाबा: प्रत्येक राज्याचं वेगळं?

निखिलदादा: हो. टेक्सासला पण ७२ तास. इलिनॉयमध्ये तर ज्या काउंटीने लायसन्स दिलं त्याच काउंटीत लग्न लावायचं, बाहेर चालत नाही. आणि लास वेगासला ऑफिस रोज सकाळी ८ ते रात्री १२ उघडं. सणवार नाही, काही नाही.

सुधाआत्या: रात्री १२ वाजता कुणाचा मुहूर्त असतो?

निखिलदादा: गोरज 😄

नंदूकाका: कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. लायसन्स कुठल्याही काउंटीतून काढा, राज्यात कुठेही लग्न लावा. मुक्ताने सॅन होजेला काढलं आणि लग्न लिव्हरमोरला लागलं तरी चालतं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेव गं मुक्ता. *नोंद राहते ती लायसन्स दिलेल्या काउंटीत.* लग्न लागलेल्या गावात नाही. मी यात चांगला पोळलोय.

मुक्ता: म्हणजे?

नंदूकाका: टाइप करतोय. वेळ लागेल.

शैलाकाकू: आता अर्धा तास.

नंदूकाका: आमचं लग्न १९८९ ला, त्याच देवळात. शैलाला आता सोशल सिक्युरिटीच्या (इथल्या सरकारी पेन्शनच्या) कामासाठी लग्नाचा दाखला लागला. घरची प्रत मधल्या तीन घरबदलींत कुठे गेली देव जाणे. देऊळ अल्मेडा काउंटीत, म्हणून मी तिकडे अर्ज केला. पैसे भरले. उत्तर आलं, अशी नोंद आमच्याकडे नाही. त्याचाही एक रीतसर दाखला मिळतो आणि फी काही परत मिळत नाही. मग मी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे बघितलं. त्यांच्याकडे लग्नाच्या नोंदी १९४९ ते १९८६ च्या आणि मग थेट १९९८-९९ च्या. आम्ही बरोबर मधल्या खड्ड्यात. इंटरनेटवर वंशावळवाल्यांची जुनी सूची असते, ती १९६० ते १९८५. तिथेही नाही. दोन रात्री मला वाटत होतं, आपलं लग्न झालंच नाही की काय.

शैलाकाकू: त्या दोन रात्री हे फार आनंदात होते.

नंदूकाका: मग हिलाच आठवलं. आम्ही तेव्हा सनीव्हेलला राहायचो आणि लायसन्स सॅन होजेहून काढलं होतं. म्हणजे सांता क्लारा काउंटी. तिकडच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसकडे, अर्ज केला आणि मिळाला. अल्मेडावाल्यांचा काही दोष नाही, माझं डोकं चाललं नाही.

बाबा: आणि त्या खासगी वेबसाइटवर किती पैसे घालवलेस ते पण सांग.

नंदूकाका: ते राहू दे. पत्त्यात शेवटी डॉट गव्ह आहे का, म्हणजे साइट सरकारी आहे का, ते बघायचं, एवढंच सांगतो.

निखिलदादा: पोस्टाने मागवला का?

नंदूकाका: हो. त्यात अजून एक मेख. प्रती दोन प्रकारच्या. एक अधिकृत, एक नुसती माहितीपुरती. माहितीपुरतीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं की ही ओळख सिद्ध करायला चालणार नाही. ती कुणीही मागू शकतो. अधिकृत हवी तर आपण नवरा, बायको, आईवडील, मुलं असं कोणीतरी आहोत हे शपथेवर लिहून द्यायचं, आणि पोस्टाने मागवायची तर ते नोटरीपुढे. मी नोटरीकडे न जाताच पाकीट पाठवलं होतं. परत आलं.

नाना: 🙏

मुक्ता: काका, लायसन्स दोन प्रकारचं दिसतंय. पब्लिक आणि कॉन्फिडेन्शियल. कुठलं घेऊ?

नंदूकाका: पब्लिक. त्याला किमान एक साक्षीदार लागतो. कॉन्फिडेन्शियलला साक्षीदार नको, नोंद गोपनीय राहते, प्रत फक्त नवराबायकोलाच मिळते. पण त्यात आपण आधीपासून नवराबायकोसारखे एकत्र राहतो असं लिहून द्यावं लागतं.

सुधाआत्या: काय??

ओवी: 👀

*नंदूकाका यांनी हा मेसेज डिलीट केला*

मुक्ता: पब्लिक घेतेय. पब्लिक.

आई: बरं झालं. साक्षीदार कोण?

मुक्ता: सही करायला जास्तीत जास्त दोन जागा असतात. वयाची अट नाही, आपण कशाला साक्षीदार आहोत हे कळायला हवं आणि सही करता यायला हवी. ओवी चालेल.

ओवी: येस्स! मी सही प्रॅक्टिस करते

सुधाआत्या: बारा वर्षांच्या पोरीची साक्ष, आणि आम्ही विमानाने येऊन नुसत्या अक्षता टाकायच्या. दुसरी सही नानांची.

नाना: 🙏🙏

रविवार

मुक्ता: गुड मॉर्निंग. अर्ज भरून बघत होते, एका ठिकाणी अडलेय. आईवडिलांचं *जन्मनाव* विचारलंय, आणि ते कुठल्या राज्यात किंवा देशात जन्मले ते. आई, तुझं माहेरचं पूर्ण नाव सांग.

आई: विद्या दत्तात्रय केळकर.

ओवी: विद्या कोण?

मुक्ता: आई??? तुझं नाव मृणाल आहे ना?

आई: ते लग्नात ठेवलं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने लिहिलं होतं तुझ्या बाबांनी.

बाबा: मृणालमधला ण लिहिताना तांदूळ ताटाबाहेर गेले होते. आई रागावली होती.

मुक्ता: मला ३१ वर्षांत कुणी सांगितलं नाही!

सुधाआत्या: अगं, त्यात सांगायचं काय. आमच्या वेळी सगळ्यांचंच बदलायचं. मी माहेरची सुधा, सासरी स्मिता. या ग्रुपवर मी माहेरची म्हणून सुधा. फॉर्मवर काय ते विचारून लिही.

नंदूकाका: जन्मनाव म्हणजे जन्मनाव. विद्या दत्तात्रय केळकर लिही. तुझ्या जन्मदाखल्यावर मृणाल असलं तरी हरकत नाही. आणि इंग्रजी स्पेलिंग आईच्या जुन्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घे, नाहीतर केळकरांचे तीन प्रकार होतील.

सुधाआत्या: आणि मुक्ता, नवीन नाव नीट लिहायचं हं. मुक्ता अनिकेत भिडे. छान वाटतं की नाही!

मुक्ता: हं, त्याबद्दलच बोलायचं होतं.

सुधाआत्या: आता काय?

मुक्ता: २००९ पासून इथे लायसन्सवरच लग्नानंतरचं नाव लिहायची सोय आहे. पण आडनाव बदलायचं तर दोघांपैकी एकाचं आडनाव, किंवा दोन्ही जोडून. मधल्या नावालाही नियम आहेत. तिथे आडनावच येऊ शकतं, माझं किंवा त्याचं, किंवा असलेल्या मधल्या नावाला आडनाव जोडून. *नवऱ्याचं पहिलं नाव मधे घालायची सोयच नाही.* मुक्ता साठे भिडे होऊ शकते. मुक्ता अनिकेत भिडे नाही होऊ शकत.

सुधाआत्या: असं कसं? इतक्या मराठी मुली आहेत तिथे.

शैलाकाकू: १९८९ ला लायसन्सवर नाव बदलायचा रकानाच नव्हता. माझ्या त्या दाखल्यावर अजून माहेरचंच नाव आहे. परवा तेच बघून मला भरून आलं.

निखिलदादा: त्यांना मधलं नाव म्हणजे जादाचं नाव. आपल्याकडे ते वडिलांचं, मग नवऱ्याचं, हे त्यांच्या डोक्यातच नाही. माझ्या बायकोला एका क्लिनिकमध्ये दोन वर्षं "निखिल" म्हणून हाक मारायचे.

बाबा: मग ज्यांना हवंच असतं ते काय करतात?

नंदूकाका: कोर्टात वेगळा अर्ज. सुपिरिअर कोर्ट. फी वेगळी, वेळ वेगळा.

मुक्ता: आणि लायसन्स दिल्यावर नावाचा विचार बदलला तर ते दुरुस्त करून मिळत नाही. मी तो रकाना रिकामा ठेवणार आहे, आत्या. मी अनिकेतशी बोललेय. पासपोर्ट, व्हिसा, पदवी, बँक, सगळीकडे मुक्ता अरुण साठे आहे. तेच राहील.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

बाबा: माझं नाव राहतंय म्हणून मी काही बोलणार नाही. बोललो तर पक्षपाती ठरेन.

सुधाआत्या: मी कुठे काय म्हणाले? फक्त तांदळाचं ताट मी आणणार. ताटात काय लिहायचं ते अनिकेत ठरवेल.

मुक्ता: ताटात तो "मुक्ता"च लिहिणार आहे. विचारलंय मी.

आई: त्याला ण लिहावा लागणार नाही. सुटला.

नंदूकाका: कामाचं बोलू. लग्न लागल्यावर लायसन्सवरचा खालचा भाग गुरुजींनी भरायचा. कॅलिफोर्नियात गुरुजींना नोंदणी करावी लागत नाही, पण त्यांनी आपलं पद आणि धर्म-पंथ लिहायचा, सही करायची, आणि *१० दिवसांत* कागद काउंटीला पोचता करायचा. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. चुकलं तर दुसरी प्रत काढायची भानगड. त्या दिवशी पेन मी आणीन, काळ्या शाईचं. गुरुजींच्या हातात कुंकू लागलेलं असतं, ते आधी पुसायचं.

शैलाकाकू: आणि कागद होमापासून लांब.

निखिलदादा: १० दिवसांची जबाबदारी गुरुजींची असली तरी पाकीट आणि तिकीट आपण द्यायचं. आणि पोस्टात टाकायला पण आपणच घेऊन जायचं.

बाबा: मग दाखला आपोआप घरी येतो ना?

मुक्ता: नाही. नोंद झाल्यावर अधिकृत प्रत आपण मागायची, पैसे भरून. मी तीन मागवणार.

बाबा: पुण्यात बँकेला लागला तर हाच चालेल?

नंदूकाका: परदेशातल्या कागदाला सहसा अपॉस्टिल मागतात, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. ते काउंटी देत नाही. काउंटीची सही असलेली अधिकृत प्रत राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पाठवायची, ते त्यावर अपॉस्टिल लावतात. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. तीनातली एक प्रत त्यासाठी राखून ठेव.

सुधाआत्या: गुरुजी ऐन वेळी आजारी पडले तर?

नंदूकाका: काही काउंट्यांत एका दिवसापुरतं लग्न लावायचा अधिकार सामान्य माणसालाही देतात. मी अर्ज करू शकतो.

शैलाकाकू: नको.

आई: नको.

मुक्ता: काका, मनापासून थँक्यू, पण नको.

नंदूकाका: बरं. मंगलाष्टकं तरी म्हणू द्याल?

सुधाआत्या: दोन. जास्त नाही.

मुक्ता: अपॉइंटमेंट बघितली. जानेवारीतल्या मंगळवारी १०:४० ची आहे. अनिकेतलाही त्या दिवशी सुट्टी आहे. घेऊ का?

बाबा: मंगळवारी?

सुधाआत्या: लायसन्सला वार नसतो रे अरुण. घे. पासपोर्ट दोघांचेही आदल्या रात्रीच पिशवीत टाका.

नाना: विद्याच्या वडिलांचं नाव दत्तात्रय नाही. दत्तोपंत. पत्रिकेत तसंच होतं.

आई: नाना, दाखल्यावर दत्तात्रयच आहे. दत्तोपंत घरी म्हणायचे.

नाना: 🙏