मैत्रीपूर्ण सामन्याचे गुण

भारताच्या फुटबॉल संघाचा सामना मैत्रीपूर्ण असला की कोणीतरी लिहितंच, हरलो काय अन् जिंकलो काय, सारखंच. हे मला अर्धंच पटतं. ऑगस्ट २०१८ पासून फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, देशांच्या संघांची क्रमवारी नव्या सूत्रावर चालते. त्यात फिफाच्या ठरलेल्या तारखांमधल्या मैत्रीपूर्ण सामन्याला १० चं वजन (गुण काढताना गुणायचा आकडा) आहे, त्या तारखांबाहेर खेळला तर फक्त ५. आशिया चषकाच्या पात्रता सामन्याला २५. म्हणजे कमी आहे, पण शून्य नाही. शिवाय समोरचा संघ २०० गुणांनी भारी असेल तर ठरलेल्या तारखेच्या मैत्रीपूर्ण सामन्यात नुसत्या बरोबरीतही आपले पावणेदोन-दोन गुण वाढतात, आणि आपल्यापेक्षा खालच्या संघाकडून हरलो तर मोठा फटका बसतो. म्हणून सामना कोणाशी आणि कोणत्या तारखेला, हे आधी पाहा.

१३ ऑक्टोबर २०१८ चा चीनविरुद्धचा सामना आठवतो. चीनमधल्या सुझोऊला, ०-०. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी झालेली, गंजीवर ताडपत्री टाकलेली, थ्रेशरवाला उद्या येतो म्हणून तीन दिवस गायब. बांधावर एकाच जागी रेंज येते, तिथं चौघं जण एका मोबाइलवर वाकलेले. चित्र अडकलं की गडीमाणूस विचारे, "गोल झाला का जी?" आपला गोलकीपर गुरप्रीतनं काय काय अडवलं, त्यातलं निम्मं आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसलं! क्रमवारीत चीन ७६ वा होता, आपण ९७ वे. मला तरी ती बरोबरी फुकटची वाटली नाही.