इंडोनेशियाच्या ब्राऊन कोलचा एक्स्पोर्ट भाव नेमका कुठला धरायचा?

धुळेकर_बॉयलर
नमस्कार मंडळी, मी सुरतला पांडेसरात एका डाईंग मिलमध्ये बॉयलर बघतो. आमच्याकडे इंडोनेशियाचा कोळसा आणि गुजरातचा लिग्नाइट (म्हणजे ब्राऊन कोल, ओलसर कमी उष्णतेचा कोळसा) मिक्स करून जाळतात. शेठ म्हणाले पुढच्या वर्षाचं बजेट लावायचंय, तिकडच्या ब्राऊन कोलचे इम्पोर्ट एक्स्पोर्ट भाव कसे चाललेत जरा काढ. नेटवर कस्टमच्या आकड्यांचा एक चार्ट सापडला पण त्यात इंडोनेशियाचा इम्पोर्ट भाव एक्स्पोर्टच्या कित्येक पट दाखवतोय, आता जो देश जहाजं भरभरून कोळसा विकतो तो स्वतः एवढ्या महागात कशाला घेईल? आणि दुसरं, त्यांच्या सरकारचा एचबीए भाव (सरकार जाहीर करतं तो कोळशाचा संदर्भ भाव) ऑक्टोबर 2022 ला टनाला 330.97 डॉलर होता म्हणे. आम्ही तेव्हा 4200 चा (किलोला 4200 किलोकॅलरी उष्णतेचा) माल त्याच्या निम्म्यानेही घेतला नव्हता हो. मग खरं काय धरायचं?

घाटावरचा_सीएचए
पहिल्या प्रश्नाचं सांगतो, दुसऱ्याला इथे कोणीतरी जाणकार येईलच. चार्टमधला तो "भाव" म्हणजे बाजारभाव नाहीये, एकूण किंमत भागिले एकूण वजन, बस. एक्स्पोर्टमध्ये कोट्यवधी टन आहेत म्हणून सरासरीला काहीतरी अर्थ येतो. इम्पोर्ट जवळपास शून्य. त्यात कोणी लॅबसाठी चार पोती किंवा काहीतरी स्पेशल प्रोसेस केलेला माल मागवला की टनाचा भाव गगनाला. ती लाइन सरळ पुसून टाका, शेठला दाखवूच नका.

एक्स्पोर्टच्या लाइनमध्येही गोम आहे. लिग्नाइट कस्टमच्या 2702 कोडमध्ये जातो आणि बाकीचा कोळसा 2701 मध्ये, पण इंडोनेशियाचा कमी जीसीव्हीचा (उष्णतामूल्याचा) माल बरोबर त्या सीमेवर बसतो, त्यामुळे तिकडे निघताना एका कोडमध्ये आणि इकडे उतरताना दुसऱ्या कोडमध्ये असं होऊ शकतं. आपल्याकडे बराचसा 27011920 म्हणजे स्टीम कोल म्हणूनच उतरतो. त्यामुळे "ब्राऊन कोल" एवढंच टाकून शोधलंत तर अर्धा माल दिसणारच नाही. कोडावरून भांडणं आपल्याकडेही कमी झाली नाहीत, 2012 ला स्टीम कोलला ड्युटी माफ आणि बिटुमिनसला (जास्त उष्णतेच्या कोळशाला) 5 टक्के असं होतं तेव्हा इंडोनेशियाच्या मालावरून इम्पोर्टरांना नोटिसांवर नोटिसा गेल्या, शेवटी 2013 च्या बजेटमध्ये दोन्हीला सारखी 2 टक्के केली तेव्हा कुठे नव्या मालाचं भांडण थांबलं.

समारिंदा_रिटर्न
एचबीएबद्दल मी सांगतो, काही वर्षं पूर्व कालिमंतानला होतो, महाकाम नदीत बार्ज भरायच्या कामावर.

एचबीए 6322 जीएआरच्या (माल येतो तसा, ओलाव्यासकट मोजलेली किलोकॅलरी) कोळशासाठी असतो. तुमचा 4200 चा माल म्हणजे वेगळीच जात. त्यात जुन्या फॉर्म्युल्यात कोळशाच्या भावाचे चार इंडेक्स सारख्या वजनाने घ्यायचे आणि त्यातले दोन ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदराचे. युक्रेनच्या युद्धानंतर युरोप जपान सगळे चांगल्या कोळशामागे धावले, न्यूकॅसल उडालं आणि एचबीएलाही घेऊन गेलं. पण 4200 आणि 3400 घेणारे मुख्यतः चीन आणि आपण, आपण कुठे न्यूकॅसलच्या भावाने घेतोय! तेव्हा 4200 चा एफओबी (जहाजात भरून दिल्याचा भाव, भाडं सोडून) शंभरच्या आतच फिरत होता. म्हणजे तुमचा ट्रेडर त्या वेळी तरी खोटं बोलत नव्हता (आता काय करतो माहीत नाही 😄). तिकडचे खाणवाले वैतागले होते कारण रॉयल्टी सरकारी भावाला बांधलेली. मग 2023 मध्ये फॉर्म्युला बदलून प्रत्यक्ष विक्रीच्या भावावर आणला आणि 5300, 4100, 3400 साठी वेगळे भाव द्यायला लागले. तुम्ही 4100 चाच बघा, बाकीचे सोडा.

ट्रेंड म्हणाल तर 2020 मध्ये कोविडच्या वेळी 4200 पार 22-25 डॉलरला आला होता, एचबीए पण सप्टेंबर 2020 ला 49.42. पुढच्याच वर्षी चीनमध्ये कोळशाची टंचाई झाली आणि ऑक्टोबर 2021 ला 4200 शंभरच्या वर, नोव्हेंबरचा एचबीए 215.01. याच दरम्यान एक गंमत झाली. तिथे तेव्हा नियम होता की 25 टक्के कोळसा देशातच द्यायचा, वीज कंपनीला जास्तीत जास्त 70 डॉलर भावाने. आता बाहेर दोनशे मिळत असताना घरी सत्तरला कोण देईल? वीजघरांचा साठा संपत आला आणि सरकारने जानेवारी 2022 मध्ये एक्स्पोर्टच बंद केला. जहाजं तशीच उभी. त्यामुळे तुमच्या बजेटमध्ये भावाबरोबर माल वेळेवर न येण्याची रिस्कही धरा. 2022 नंतर मात्र उतार, 2025 च्या मध्याला 4200 चाळीसच्या आसपास होता, चीनची स्वतःची खाणकामं जोरात म्हणून.

धुळेकर_बॉयलर
वा दादा, आता चित्र स्पष्ट झालं. मग 3400 अजून स्वस्त पडतो ना? ट्रेडर तोच गळ्यात मारतोय.

भट्टीवाला_इचलकरंजी
टनाचा भाव बघून घ्याल तर फसाल भाऊ. उदाहरण म्हणून आकडे धरू, 4200 चा एफओबी 45, 3400 चा 30, जहाज भाडं दोघांना 15. एफओबीवर दहा लाख किलोकॅलरीला 10.7 विरुद्ध 8.8, म्हणजे 3400 जवळपास 18 टक्के स्वस्त. भाडं मिळवलं की 14.3 विरुद्ध 13.2, राहिला 7 टक्क्यांचा फरक. भाडं मालातल्या पाण्यालाही तेवढंच लागतं ना. वर पोर्टापासून ट्रक, कन्व्हेयर, यार्ड सगळं टनावरच. शिवाय जीएआरमध्ये ओलाव्याची वाफ होण्यात जाणारी उष्णताही मोजलेली असते जी तुमच्या चिमणीतून निघून जाते, ट्रेडरकडून एनएआर (ती उष्णता वजा केलेला आकडा) मागा मग बघा फरक कुठे राहतो. आणि 3400 चा ढीग पेटतो लवकर, यार्डात चार दिवस पडला की धूर.

जीएसटी पण विसरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून कोळशावर 5 चे 18 टक्के झाले पण टनाला 400 रुपयांचा सेस गेला. हिशोब केला तर टनाची किंमत साधारण 3077 रुपयांच्या खाली असेल तर एकूण कर कमी झाला, वर असेल तर वाढला. सेसचं क्रेडिट आपल्याला कधी कामाला आलं नाही, 18 टक्क्यांचं येतं, पण जॉबवर्क 5 टक्क्यांनी असेल तर क्रेडिट साचून रिफंडमध्ये पैसा अडकतो, ते सीएला विचारूनच बजेटमध्ये टाका.

समारिंदा_रिटर्न
+1. अजून एक, ऑर्डरमध्ये टोटल मॉइश्चरची रिजेक्शन लिमिट (ओलावा किती झाला की माल नाकारायचा) लिहून घ्या आणि लोड पोर्टचा सर्टिफिकेट नुसता बघू नका, सुरतला ट्रक उतरल्यावर स्वतः सॅम्पल काढा. पावसाळी लॉटमध्ये जीएआर शे-दोनशेने खाली येतो आणि पैसे मात्र 4200 चेच जातात.