'फर्मी आंधळी झाली' म्हणून अवकाश दुर्बिणी निकालात काढायच्या?

साताऱ्याचा_आकाशवेडा:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "९ ऑक्टोबर २०२२ चा महास्फोट आला तेव्हा फर्मी आंधळी झाली आणि चीनच्या डोंगरावरच्या ल्हासोने मैदान मारलं. गॅमा स्फोटांसाठी अवकाशात पैसा ओतणं आता बंद करा." वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (नवख्यांसाठी: गॅमा स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा लखलखाट. फर्मी ही ते बघणारी नासाची अवकाश दुर्बीण, ल्हासो ही जमिनीवरची वेधशाळा.)

त्या स्फोटाचं नाव जीआरबी २२१००९ए. तसा प्रखर स्फोट दहा हजार वर्षांत एखादा, असा हिशेब आहे. तो ऐन भरात असताना, म्हणजे सुरुवातीपासून साधारण २०० ते ३०० सेकंदांच्या दरम्यान, कमी ऊर्जेच्या फोटॉनांचा, म्हणजे प्रकाशकणांचा, असा लोंढा आला की फर्मीवरची मुख्य दुर्बीण लॅट त्यात बुडाली. तेवढ्या मिनिट-दीड मिनिटाची मोजणी भरवशाची नाही, बस्स. पुढे सुमारे ९ तासांनी त्याच दिशेने आलेला जवळपास ४०० जीईव्हीचा फोटॉन लॅटनेच टिपला. (केईव्ही, एमईव्ही, जीईव्ही, टीईव्ही ही ऊर्जेची एककं, प्रत्येक आधीच्याच्या हजारपट.) हे आंधळ्या यंत्राचं काम नव्हे.

आणि १९९४ विसरलात का? १७ फेब्रुवारीचा स्फोट विझून तासाहून जास्त वेळ झाला होता, मध्ये पृथ्वीही आडवी येऊन गेली होती, आणि तेव्हाच्या कॉम्प्टन उपग्रहावरच्या एग्रेट दुर्बिणीला १८ जीईव्हीचा फोटॉन मिळाला. जास्त ऊर्जेचं उत्सर्जन मागाहून येतं आणि रेंगाळतं, हा धडा वरूनच मिळाला. जमिनीपर्यंत गॅमा किरण पोचतच नाहीत. पोचतो तो त्यांनी हवेत उडवलेला कणांचा फवारा. १०० एमईव्हीपासून काही जीईव्हीपर्यंतचा पट्टा, जिथे हा उशीर दिसतो, तो खालून कसा बघणार?

डोंगरमाथा:
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. लॅटचं परिणामी, म्हणजे किरण टिपायला प्रत्यक्ष कामी येणारं, क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मीटर. ल्हासोची तो कणांचा फवारा टिपणारी पाण्याची तळी ७८,००० चौरस मीटर. पहिल्या ३,००० सेकंदांत ल्हासोने ०.२ टीईव्हीच्या वरचे ६४,००० फोटॉन मोजले, आणि तुम्ही मला एक फोटॉन दाखवताय! एका बिंदूचा आलेख कसा काढता? लॅटच्या दहा वर्षांच्या यादीत १८६ स्फोट आहेत, फर्मीवरच्याच कमी ऊर्जेच्या जीबीएम यंत्राला वर्षालाच दोनशेच्या वर सापडतात. शिवाय ल्हासोला कुणाच्या हाकेची गरज पडली नाही. ती बघतच होती.

साताऱ्याचा_आकाशवेडा:
बघत होती कारण स्फोट तेव्हा तिच्या माथ्यावर होता. काही तास इकडेतिकडे झाले असते तर क्षितिजाखाली गेला असता. १४ जानेवारी २०१९ ला ला पाल्मा बेटावरची मॅजिक दुर्बीण एका स्फोटाकडे मिनिटभरात वळली ती स्विफ्ट उपग्रहाने अवकाशातून कळवलं म्हणून. ते श्रेय तुम्ही देतच नाही.

नक्षत्रा:
दोघेही परक्यांच्याच दुर्बिणी मोजताय. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण दुर्बिणीचं नावही नाही. चालू केल्याच्या पहिल्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ ला, तिने जीआरबी १५१००६ए पकडला.

डोंगरमाथा:
ताई, विषय उच्च ऊर्जेचा आहे. सीझेडटीआयचा पट्टा २० ते २०० केईव्ही. अभिमान जरूर असावा, पण तो इथे आणू नका.

नक्षत्रा:
अभिमान नाही, दोन महिने घालवलेत मी त्यात. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी त्या यंत्राच्या चारही भागांचे आलेख सेकंदासेकंदाने चाळले. १०० केईव्हीच्या वर त्या यंत्राच्या भिंती गॅमा किरणांना पारदर्शक होतात, म्हणून बाजूने आलेला स्फोटही दिसतो. आमचे मार्गदर्शक म्हणाले, "चुकून दिसणाऱ्या गोष्टीवर प्रोजेक्ट होत नसतो," आणि विषय बदलायला लावला. २०२३ मध्ये ६०० वा स्फोट नोंदला गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात रडले. तुम्ही आज तेच बोलताय. आणि ध्रुवीकरण, म्हणजे किरणांची लहर कोणत्या दिशेत डोलते ते? स्फोटातून निघणाऱ्या झोतातलं चुंबकीय क्षेत्र सुसूत्र आहे की विस्कटलेलं, ते त्यातून कळतं. ते ठरल्याशिवाय तुमचे जीईव्ही-टीईव्ही कुठून येतात ते सांगा बघू.

भिंगवाला_काका:
भांडू नका. अमेरिकेच्या वेला उपग्रहांना २ जुलै १९६७ ला पहिला स्फोट दिसला, तो जाहीर झाला १९७३ मध्ये. मी तेव्हा जुन्या अकरावीला होतो, सरांनी फळ्यावर आलेख काढून दाखवला होता. माझं दुखणं वेगळंच आहे. २०२२ च्या स्फोटानंतर 'पृथ्वीवर गॅमा किरणांचा मारा' अशा बातम्या फिरल्या, आणि शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, "सुनेला सहावा महिना आहे, ग्रहणासारखं पाळायचं का?" मराठीत नीट लिहिणारं कुणी नाही, त्याचं हे फळ.

डोंगरमाथा:
काका, त्या स्फोटाने आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ढवळलं हे खरं आहे. रेडिओ लहरींवर ते नोंदलं गेलंय.

भिंगवाला_काका:
अहो, ढवळलं ते कित्येक किलोमीटर वर! त्या पोरीने चार दिवस सुरी हातात घेतली नाही. तिची समजूत मी घातली, तुम्ही नाही. बातमीत प्रकाशाला यायला १.९ अब्ज वर्षं लागली एवढं एक वाक्य असतं तरी वहिनी निर्धास्त झोपल्या असत्या.

नक्षत्रा:
काकांचं पटतं. पण माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही.

साताऱ्याचा_आकाशवेडा:
उत्तर द्यायला 'दक्ष' हवा. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह, एकाला जे आड जाईल ते दुसऱ्याला दिसेल. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराचा हा प्रस्ताव आहे. 'अवकाशात पैसा नको' म्हणणाऱ्यांनी त्याच्यावरच कुऱ्हाड घातली.

डोंगरमाथा:
माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नका! मी दक्षविरुद्ध अक्षर लिहिलेलं नाही. मी लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या थंडीत रात्री काढल्या आहेत. बोटं बधिर व्हायची, आणि वरून आलेली सूचना ढगांमुळे हातची जायची. जमिनीवरच्या माणसांनाही कुणी विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

साताऱ्याचा_आकाशवेडा:
मग सूचना वरूनच येत होती ना?

डोंगरमाथा:
येत होती. ठीक आहे, 'आंधळी' हा शब्द मागे घेतो. भरात असताना लॅट अपुरी पडली, हे मात्र तुम्हीही लिहा. जास्त ऊर्जेच्या मोजणीसाठी पुढचा पैसा डोंगरावरच जावा, हे मत बदललेलं नाही.

साताऱ्याचा_आकाशवेडा:
अपुरी पडली, लिहिलं. पैशाबद्दल मान्य नाही.

डोंगरमाथा:
नक्षत्रा, तुमचे ते चार भागांचे आलेख अजून आहेत का? बघायचे आहेत.

नक्षत्रा:
जुन्या लॅपटॉपवर आहेत. रविवारी शोधून टाकते.