योसेमिटी सहल: फ्रीज नसताना सँडविच कसं न्यायचं?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

शनिवारी बस सकाळी ७ ला फ्रीमाँटहून सुटेल. ओकडेल, ग्रोव्हलँड करत हायवे १२० ने योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या (कॅलिफोर्निया) व्हॅलीत पोचायला थांबे धरून साडेबारा तरी वाजतील. जेवण १ वाजता. मुक्काम तंबूत, म्हणजे फ्रीज नाही आणि वीजही नाही. ४२ माणसं, माणशी दोन सँडविच.

बहुमत मुंबई सँडविचला आहे: बटाटा, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी, बटर. शुक्रवारी रात्री सगळं करून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावं असा विचार आहे. एका सभासदांची सूचना आहे की बटाटे उकडण्याऐवजी फॉइलसकट ओव्हनमध्ये भाजून तसेच न्यावेत, म्हणजे हात लागत नाहीत. रविवारचा नाश्ताही यातूनच निघाला तर बरं. जाणकारांनी सांगावं.

—

प्रेषक: सनीव्हेलचे एक सभासद (अन्नसुरक्षा तपासणी)

नमस्कार,

फॉइलमधले बटाटे आधी रद्द करा, बाकीचं मग बोलू. १९९४ साली टेक्सासमधल्या एल पासोत एका रेस्टॉरंटमध्ये फॉइलमध्ये भाजलेले बटाटे तसेच बाहेर राहिले आणि पुढे त्यांचं डिप झालं. ३० जणांना बॉट्युलिझम (जंतूच्या विषाने लकवा आणणारा जीवघेणा आजार) झाला. बटाट्याला मातीतून चिकटलेले त्या जंतूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) भाजून मरत नाहीत. फॉइल हवा अडवतं, आत ओल असते, आणि या जंतूला हवेचंच वावडं आहे. त्यामुळे हात लागला की नाही हा मुद्दाच गौण.

उकडलेला बटाटाही निर्धोक नाही. शिळ्या भाताने पोट बिघडवणारा बॅसिलस सिरियस इथेही येतो. त्याचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि बटाटा कोमट होत गेला की वाढायला लागतात. अमेरिकी कृषी खात्याचा नियम सोपा आहे: ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या मध्ये नाशवंत पदार्थ २ तासांहून जास्त नको. बाहेर ९० अंशांच्या वर असेल तर १ तास. हे तास फ्रीजचं दार उघडल्यापासून मोजायचे. पार्किंग लॉटमध्ये हजेरी घेण्यात जाणारा अर्धा तास (कमीच सांगतोय) त्यातच धरायचा. डबे साडेसहाला बाहेर आले आणि जेवण १ ला, तर साडेसहा तास झाले. शिवाय बस उन्हात उभी राहणार. बाहेर ८० अंश असेल तर बंद गाडीत तासाभरात १२० च्या पुढे जातं.

‘वास घेऊन बघू’ आणि ‘तिथे तव्यावर कडक भाजू’ ही दोन्ही उत्तरं मला पुन्हा ऐकायची नाहीत. ८४ सँडविच म्हणजे बरेच हात. हातावरचा, नाकातला स्टॅफिलोकोकस उबेत वाढला की विष सोडतो. त्याला वास नसतो, आणि जंतू मेला तरी विष उकळीलाही दाद देत नाही.

टोमॅटो अख्खा असेल तर बिनधास्त न्या. कापला की मात्र साल गेली, रस बाहेर आला. एफडीएच्या (अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन) फूड कोडने २००७ पासून कापलेला टोमॅटो थंडच ठेवायच्या यादीत घातलाय. हिरव्या चटणीत आपण लिंबू पिळतो, पण अंदाजाने. त्यात ओलं खोबरं किंवा डाळं घातलं की आंबटपणा उतरतो. लिंबाच्या भरवशावर ती चटणी बाहेर ठेवू नका. पनीर तर नकोच.

बर्फाशिवाय चालणाऱ्या गोष्टी: ब्रेड, पीनट बटर, जॅम, प्रोसेस्ड चीजच्या स्लाइस, चेडार (उबेत तेल सोडतं, दिसायला वाईट, पण खायला ठीक). खारं बटर एक-दोन दिवस बाहेर राहिलं तरी फक्त मऊ पडतं. विकतचं मेयोनेज मुळात आंबट असतं, त्याला उगाच बदनाम केलंय. गडबड होते ती त्यात बटाटा किंवा चिकन कालवल्यावर. एकेकट्याची पाकिटं घ्या, उघडलं की संपलं.

तेव्हा सँडविच घरी करू नका, सामान न्या. तिथे बाकावर लावा.

—

प्रेषक: भोजन समिती

काका, पटलं. मग हिरव्या चटणीला सुट्टी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी आत. हिशोब असा:

८४ सँडविचला १६८ स्लाइस. एका पावात कडा सोडून २० धरल्या तर ९ पाव. बटर स्लाइसला एक छोटा चमचा, म्हणजे ८ स्टिक (२ पौंड). चीजच्या स्लाइस ८४. लांब इंग्लिश काकडी ९, अख्ख्या न्यायच्या. चटणी सँडविचला दोन छोटे चमचे, एकूण साडेतीन कप.

चटणीसाठी ३ कप शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून साल पाखडून घ्या. अर्धा कप सुकं खोबरं कोरडंच परता. १५ पाकळ्या लसूण पातळ चिरून तेलाशिवाय तव्यावर पाणी आटेपर्यंत, चकत्या कुरकुरीत होईपर्यंत ठेवा. ही पायरी गाळली तर चटणीत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी गोळे होतात. ३ मोठे चमचे तिखट, १ मोठा चमचा जिरं, ३ छोटे चमचे मीठ. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला की दाण्याला तेल सुटून लगदा होतो. कोरडा चमचा, कोरडी बरणी.

बटर स्लाइसच्या कडेपर्यंत लावायचं. मध्येच फासलं तर काकडीचं पाणी कडेने पावात उतरतं. काकडीला मीठ लावून ठेवू नका, दहा मिनिटांत ताटलीत तळं होतं. मीठ आणि सँडविच मसाला वरून, खाताना.

रविवारी दशम्या. कणीक दुधातच भिजवायची, पाणी नको, दोन्हीकडून तुपावर नीट भाजायच्या. भाजल्यावर एकेक सुटी करून कापडावर पसरा, हाताला पूर्ण गार लागली की मगच डब्यात. गरम भरल्या तर झाकणाच्या आतून पाणी टिपकतं आणि खालच्या चार लगदा होतात, बुरशीही तिथेच आधी धरते.

—

प्रेषक: मिलपिटासच्या एक सभासद

तीन प्रश्न. मुलांसाठी उकडलेली अंडी सालासकट चालतील ना? गोठवलेलं सँडविच नेलं तर? आणि लसूण तळून तेलातच मुरवून नेली तर चटणी पसरायला सोपी जाईल का?

—

प्रेषक: सनीव्हेलचे सभासद

ताई, शेवटचा आधी. लसूण तेलात मुरवून बाहेर ठेवायची नाही. १९८५ मध्ये व्हँकूवरला तेलातल्या चिरलेल्या लसणीची बाटली फ्रीजबाहेर राहिली आणि ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. एल पासोचीच तऱ्हा: जमिनीतली वस्तू, हवाबंद, आंबटपणा नाही. वर दिलेली कोरडी चटणी चालते ती ओल नसल्यामुळे. पसरायची असेल तर तिथे बटरमध्ये कालवा.

अंडी नकोत. उकडताना कवचावरचा संरक्षक थर जातो, बारीक छिद्रं उघडी पडतात. तोच २ तासांचा नियम लागतो. मांसाहारी हवं असेल तर ट्यूनाचं सीलबंद पाऊच उत्तम. बर्फ लागत नाही, डबा उघडायचं हत्यारही नको. फोडलं की तिथल्या तिथे संपवायचं, उरलेलं ‘संध्याकाळी बघू’ म्हणून गुंडाळायचं नाही.

गोठवण्याची कल्पना चांगली आहे, पण सगळ्यांना नाही. पीनट बटर-जॅम किंवा बटर-चटणी-चीज सुरेख गोठतं. काकडी, टोमॅटो चोथा होतात, मेयोनेज फुटतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबर होतो. मुलांची ३० सँडविच गुरुवारी करून एकेक पिशवीत, एका थरात गोठवा. सकाळी कूलरमध्ये घाला, तीच बर्फाचं काम करतील. कूलरमध्ये जेवणाच्या वेळेपर्यंत पूर्ण सुटली नसतील, म्हणून पाऊण तास आधी बाहेर काढा.

कूलर एक खाण्याचा, एक पेयांचा. पेयांचा दर वीस मिनिटांनी उघडतो, त्यात खाणं ठेवलं तर बर्फ टिकत नाही. आदल्या रात्री कूलरमध्ये थोडा बर्फ टाकून तो आतून गार करून ठेवा, नाहीतर पहिला बर्फ कूलर गार करण्यातच जातो. सुट्या बर्फाऐवजी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवा: वितळलेल्या पाण्यात पिशव्या पोहत नाहीत, पाणी प्यायलाही होतं. बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, तेव्हा दोन बोटं रिकामी सोडा आणि निदान २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा. खाण्याइतकाच बर्फ, खाली आणि वरही. रिकामी जागा राहिली तर टॉवेल कोंबा. आत दहा डॉलरचा फ्रीज थर्मामीटर टाका. काटा ४० च्या खाली असेपर्यंत निश्चिंत, वर गेलेला दिसला तर तिथून दोन तास मोजा. आणि कूलर बसच्या पोटातल्या सामानकक्षात नको, वर एसीत, सावलीच्या बाजूला.

सँडविच लावणाऱ्यांनी साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवावेत. सॅनिटायझर नोरोव्हायरसला (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) फारसा लागू पडत नाही.

—

प्रेषक: सहल समिती

ठरलं. बेत भोजन समितीच्या हिशोबाप्रमाणे, मुलांची ३० गोठवलेली, ट्यूनाचे ८ पाऊच आणि त्यांची सुरी-पाट वेगळे.

अस्वलांचं: योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचा कणही ठेवता येत नाही, सीलबंद पाकिटंसुद्धा. सगळं तंबूजवळच्या लोखंडी लॉकरमध्ये, टूथपेस्ट आणि क्रीमसकट. लॉकर बुटके असतात, उंच चाकांचा कूलर आणू नका. लॉकरला थंडावा नसतो, म्हणून शनिवारी रात्री कूलरमध्ये उरलेलं नाशवंत टाकून द्यायचं. रविवारी दशम्या, चटणी, पीनट बटर, केळी.

तोटीचा ५ गॅलनचा पाण्याचा कॅन कोणाकडे आहे का? एक मिळालाय, हात धुवायला दुसरा हवा. बुधवारपर्यंत कळवा.