आग लागण्याआधीच अग्निशमन दलाने घरी यावं का?

उंबरठा:
अग्निशमन दल म्हटलं की डोळ्यांसमोर लाल बंब येतो. आग लागली, वर्दी दिली, बंब आला. माझं म्हणणं असं की आग लागण्याआधीच दलाचे जवान घरात येऊन गेलेले असावेत. नोटीस घेऊन नव्हे, सेवा म्हणून. घरातून एक फेरी मारायची, धोका कुठे आहे ते दाखवायचं, धुराचा अलार्म नसेल तर तिथल्या तिथे बसवून द्यायचा आणि रात्री आग लागली तर कोण कुणाला उठवणार, कुठून बाहेर पडणार हे घरच्यांकडून वदवून घ्यायचं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने आगीबाबत लोकांना जागरूक करणं हे दलाचं कर्तव्यच ठरवलं. तिथे जवान घरी जातात, गरज असेल तिथे अलार्म फुकट बसवतात. अमेरिकेत रेड क्रॉसने २०१४ पासून स्थानिक दलांना बरोबर घेऊन अलार्म बसवायची मोहीम चालवली आहे.

माझा आग्रह धुरामुळे आहे. घरच्या आगीत माणसं भाजून मरण्यापेक्षा गुदमरून जास्त मरतात, आणि बऱ्याचदा झोपेत. धुराच्या वासाने झोपलेला माणूस जागा होईलच असं नाही, कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. फोमच्या गाद्या, सोफे, प्लॅस्टिक यांनी भरलेली खोली तीन-चार मिनिटांत पूर्ण पेटू शकते. तेवढ्यात बंब कुठून पोचणार?

रोखठोक:
साफ असहमत. घर ही खासगी जागा आहे. आज सल्ला म्हणून येतील, उद्या त्याच भेटीची सक्ती होईल. शिवाय भेट मागून घेणारे कोण असतात? जे आधीच काळजी घेतात तेच. ज्याच्या घरी जिना सामानाने भरलाय आणि एका सॉकेटवर पाच उपकरणं लटकली आहेत, तो दारच उघडणार नाही. मग हा खटाटोप कुणासाठी?

त्यापेक्षा सरळ कायदा करा. जपानने २००६ पासून नव्या घरांना अलार्म सक्तीचे केले आणि जुन्या घरांना २०११ पर्यंतची मुदत दिली. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म लागतात, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतात. त्यासाठी दलाने घरोघर फिरायची गरज नाही. जवान घरोघर छताला स्क्रू पिळत बसले आणि तेवढ्यात वर्दी आली तर?

उंबरठा:
कायद्याने अलार्म छतावर येईल, तो चालू राहील कशावरून? अमेरिकेत घरच्या आगीत मरणाऱ्या पाचांपैकी जवळजवळ तिघे अशा घरांत दगावतात जिथे अलार्म नव्हता किंवा असून बंद होता. बॅटरी उतरली की तो टिक-टिक करतो, मग लोक बॅटरीच काढून ठेवतात आणि नवी घालायची राहून जाते. अलार्म साधारण दहा वर्षांनी बदलायचा असतो हेही फार थोड्यांना माहीत आहे. हे कुणीतरी शिडीवर चढून, बटण दाबून दाखवलं तरच डोक्यात बसतं.

वर्दी:
मी दलात नोकरी केली आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, जवान घरभेटीला गेले तरी गाडी आणि वायरलेस बरोबर असतो. वर्दी आली की ते तिथूनच निघतात. तेव्हा रोखठोक, तुमची ती शंका काढून टाका. तुमची दुसरी शंका मात्र खरी आहे, गरजू माणूस बोलावत नाही. म्हणून सगळ्यांकडे सारखं जाऊन भागत नाही. एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, घरी ऑक्सिजनवर असणारे, ज्यांना ऐकू येत नाही असे लोक आधी. ऐकू न येणाऱ्यांसाठी लखलखणाऱ्या दिव्याचा आणि उशीखाली थरथरणारी चकती असलेला अलार्म मिळतो, हे त्यांच्या घरच्यांनाही माहीत नसतं.

दुसरी गोष्ट दारांची. आग विझल्यावर आत जाताना मी एक झोपायची खोली पाहिली. दाराची बाहेरची बाजू जळून कोळसा झाली होती, कडी वाकली होती. आत पडदा जसाच्या तसा, चौकटीच्या वर फक्त काजळीची बारीक रेघ. झोपताना कुणीतरी दार लावलं होतं, एवढंच. आणि अशीही घरं पाहिलीत जिथे खिडकीच्या जाळीला कुलूप होतं आणि किल्ली दुसऱ्या खोलीत. पत्रक वाचून किल्लीची जागा बदलत नाही हो. समोर उभं राहून "आता, या क्षणी, किल्ली आणून दाखवा" म्हणावं लागतं.

साधीसुधी:
वर्दीदादा, तुमचं पटतं, पण आमच्यासारख्यांची अडचण कुणी मांडलीच नाही. आम्ही भाड्याने राहतो. वायरिंग जुनं आहे, बटण दाबताना कधी कधी ठिणगी दिसते. जवानांनी येऊन ते कागदावर लिहिलं आणि कागद मालकाकडे गेला, तर तो वायरिंग बदलणार नाही, आम्हाला घर सोडायला सांगेल. मालकाने यापूर्वी दुरुस्तीच्या नुसत्या विषयावर तसं बोलून दाखवलंय. घरात सासूबाई आहेत, त्या काठीशिवाय उठत नाहीत. आगीची भीती मला आहेच, पण छप्पर जायची भीती रोजची आहे.

रोखठोक:
साधीसुधी ताईंनी माझाच मुद्दा जास्त नेमका मांडला. त्यापेक्षा प्रत्येक घरात अग्निशामक सिलिंडर द्या, लोक आपली आग आपण विझवतील.

आणि दलाचा सल्ला नेहमी बरोबरच असतो असं समजू नका. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर एका फ्रिजपासून आग लागली. रहिवाशांना जवळजवळ दोन तास घरातच थांबा असं सांगत राहिले. ७२ माणसं गेली.

वर्दी:
सिलिंडरबद्दल आधी. घरगुती लहान सिलिंडर दहाएक सेकंदांत रिकामा होतो. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, बाकीचे बाहेर पडले असतील, वर्दी दिली असेल आणि बाहेरचं दार तुमच्या पाठीशी असेल तरच त्याला हात लावा. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून वर झाकण ठेवा, कढई उचलू नका. पाणी तर अजिबात नको. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होते आणि जवळजवळ सतराशे पट फुगते. पेटतं तेल छतापर्यंत उडतं. आणि ई-स्कूटरची बॅटरी बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला लावू नका. ती पेटली तर अडणारी वाट तीच असते.

ग्रेनफेलबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि दलातल्या माणसाला ते वाचताना त्रास होतो.

उंबरठा:
पण रोखठोक, ग्रेनफेल तुमच्या बाजूचं उदाहरण नाही. आत थांबा हा सल्ला आग एका घरातच अडून राहील या हिशेबावर उभा होता, आणि त्या इमारतीच्या बाहेरच्या आवरणाने तो हिशेब खोटा ठरवला. २०१९ च्या चौकशी अहवालात दलावरही ठपका आहे. अशा आगीची तयारी नव्हती आणि त्या इमारतीची पुरेशी माहितीही दलाकडे नव्हती. म्हणजे आधी जाऊन नीट पाहणं कमी पडलं. थांबायचं की निघायचं हे इमारतीगणिक बदलतं, ते एका छापील पत्रकात कसं सांगणार?

साधीसुधी ताई, तुमची भीती मला आधी सुचलीच नव्हती. घरभेटीची नोंद दलापुरतीच राहील आणि भाडेकरूच्या संमतीशिवाय मालकाकडे जाणार नाही, ही अट मी मूळ मागणीत घालतो.

रोखठोक:
अट घाला. सक्ती येणार नाही हेही त्यातच लिहा. घरात कुणी यावं हे मला अजूनही मान्य नाही. झोपताना दारं लावायचं मात्र आजपासून सुरू करतो.

साधीसुधी:
लेखी मिळणार असेल तर मी दार उघडेन. नुसत्या तोंडी शब्दावर नाही. आणि दादा, सासूबाईंना रात्री एकटीने खाली कसं न्यायचं, ते मात्र इथेच सांगा. त्याला तर कुणाची परवानगी लागत नाही.

वर्दी:
आधी त्यांची झोपायची खोली बाहेरच्या दाराच्या सगळ्यात जवळची करा. काठी आणि चष्मा उशाशी, वाटेत गालिचा किंवा स्टूल नको. धूर असेल तर खाली वाकून चला, जमिनीलगत हवा बरी असते. वाटेतच धूर दाट असेल तर बाहेर जायचा हट्ट नको. दार लावा, फटीत ओला कपडा कोंबा, खिडकीशी या आणि फोनवर आधी हेच सांगा की चालू न शकणारी बाई कितव्या मजल्यावर, कुठल्या बाजूच्या खोलीत आहे. जवान पहिल्यांदा तिकडेच येतात.