शोलोच्या पाठीवर काळ्या पुटकुळ्या, अंगही सतत गरम. काय करू?

काजळची_ताई

आमची काजळ शोलो आहे, मेक्सिकोची बिनकेसांच्या कुत्र्यांची जात. वय चौदा महिने. अंग पाटीसारखं करडं, छातीवर तळहाताएवढा गुलाबी पट्टा. उघडी कातडी कोरडी पडेल या धास्तीने मी रोज संध्याकाळी तिला बेबी ऑइल चोळते आणि दर तिसऱ्या दिवशी साबणाने आंघोळ घालते. तरी गेल्या तीन आठवड्यांत कण्यालगत काळ्या टोकाच्या बारीक पुटकुळ्या उठल्यात. हात फिरवला की वाळू चिकटल्यासारखी लागते. दोन लाल झाल्यात, एकीत पू दिसतोय. परवा उन्हातून आल्यावर छातीचा पट्टा लालभडक झाला होता. शिवाय अंग कायम तापलेलं. हा ताप असेल का? माझं नेमकं काय चुकतंय?

जुनी_पायवाट

ताई, तेल आजपासून बंद करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

अकरा वर्षं माझ्या घरात अशी दोन कुत्री आहेत. केस नसले तरी केसांची छिद्रं कातडीत असतातच. त्यांत तेलकटपणा आणि मेलेली त्वचा साचून गच्च होते, तोंडाशी काळी पडते. वरून तेल चोळलं की आणखी बुच बसतं. वयात येताना तर हे हमखास वाढतं. पण पिळू नका, कितीही हात शिवशिवले तरी. मी थोरलीच्या खांद्यावरची एक पुटकुळी नखांनी दाबली होती. ती आतल्या आत फुटली, गाठ धरली, महिनाभर चिघळली. तिथला खळगा अजून आहे. तिला थोपटताना बोट नेमकं तिथे अडतं आणि मला वाईट वाटतं.

पू झालेली जागा डॉक्टरांना दाखवाच. गोळ्या दिल्या तर सांगितलेले सगळे दिवस द्या, मध्येच बरं दिसलं म्हणून थांबवू नका.

आंघोळ आठवड्या-दहा दिवसांनी पुरे. कोमट पाणी, कुत्र्यांचाच शाम्पू आणि मऊ सुती फडकं हलक्या हाताने गोल गोल फिरवायचं. काखेत आणि जांघेत फेस राहतो, तिथे पाणी जास्त घाला. मग टिपून कोरडी करा. कोपरं खरखरीत वाटली तर तेवढ्यापुरतं बिनवासाचं पातळ मॉइश्चरायझर.

गुलाबी पट्ट्यात रंगद्रव्य नाही, तो भाजणारच. सनस्क्रीन लावलंत तर झिंक ऑक्साइड नसलेलं, कुत्र्यांसाठीचं घ्या. झिंक चाटून पोटात गेलं तर बाधतं. मी भर उन्हात बाहेर काढतच नाही, आणि काढलंच तर सुती बनियन घालतो.

चार_पाय_एक_शेपूट

तापाचं सांगते. कुत्र्यांचं नेहमीचं तापमानच साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याहून जास्त. इतर कुत्र्यांत मध्ये केस असतात म्हणून हाताला कळत नाही, इथे थेट कातडी लागते. शंका आली तर थर्मामीटर लावा, हातावर जाऊ नका. हीच ऊब थंडीत भराभर निघून जाते, तेव्हा अंगात कपडा हवा. आमच्याकडे चायनीज क्रेस्टेड आहे, तीही बिनकेसांची जात. तिला लोकरीने पुरळ येतं, म्हणून आतून सुती.

आणि दात बघितलेत का? शोलो आणि क्रेस्टेडमध्ये केस न येण्यामागे फॉक्सआय३ नावाच्या जनुकातला बदल आहे, तो २००८ मध्ये सापडला. त्याच बदलामुळे दातही कमी येतात, विशेषतः सुळ्यांमागचे. अमेरिकन हेअरलेस टेरियरचं जनुक वेगळं, त्याला दात पूर्ण असतात. काजळला दात नसले तर घाबरू नका, पण जे आहेत ते जपा.

काजळची_ताई

पाच आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पूर्ण केल्या. पू गेला. कण्यालगतची वाळू अजून थोडी लागते, पण नवीन पुटकुळी नाही. तेलाची बाटली दिसली की ती अजून पाठ पुढे करते, मग मी नुसताच हात फिरवते. काल तोंड उघडून नीट पाहिलं. सुळ्यांमागे दोन्हीकडे मोकळी हिरडी आहे. एवढे दिवस ती खाणं एका बाजूला सरकवून मागच्या दाढांनी चावत होती, ते मला आत्ता कळलं. आजपासून तुकडे बारीक करून देतेय.