मिश्र अगावेचं मेस्कल: एकजीव चव की नुसती सरमिसळ?

माळरान:
"ज्यांना एका जातीचं परवडत नाही त्यांच्यासाठी केलेली भेसळ म्हणजे एन्साम्ब्ले," असं परवा एका मित्राने ठणकावून सांगितलं. मी चार वर्षं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात नोकरी करतोय, सुट्टी लागली की मेस्कलचा मुलूख असलेलं वाहाका राज्य गाठतो. हे वाक्य मला फार लागलं, म्हणून हा धागा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. आपल्याकडे बांधावर घायपात असतो, काही भागांत त्याला केकताड म्हणतात, पानांतून वाख काढून दोर वळतात. त्याच कुळातल्या मेक्सिकोतल्या झाडांचा, म्हणजे अगावेंचा, गाभा भाजायचा, कुटायचा, आंबवायचा आणि गाळायचा, की झाली मेस्कल ही दारू. टकिलाला फक्त निळा अगावे चालतो, मेस्कलला कितीतरी जाती. दोन किंवा जास्त जातींचं मिळून केलं की ते एन्साम्ब्ले.

माझं म्हणणं असं की ही भेसळ नाही, गावातली जुनी रीत आहे. कारण सरळ आहे. भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा. खाली लाकडं, त्यावर तापलेले दगड, वर अगावेचे गाभे, मग चोथा आणि माती टाकून तीन-चार दिवस बंद. एवढा खटाटोप करायचा तर खड्डा भरायला काही टन माल लागतो. शेतातला एस्पादिन जातीचा अगावे 6 ते 8 वर्षांत तयार होतो. डोंगरातला तोबाला 10-12 वर्षं घेतो आणि त्याचा गाभा छोटासा. तेपेस्तातेला 25 वर्षंही लागतात. ही सगळी एका मुहूर्तावर कशी पिकतील? त्या हंगामात जे पिकलं ते एकत्र खड्ड्यात जातं. भोगीची भाजी कशी होते, तसंच.

मियावात्लानजवळच्या एका पालेंकेवर, म्हणजे गाळण्याच्या जागेवर, उभा होतो. म्हातारबाबांनी पोकळ बोरूची नळी भांड्यात बुडवली, तोंडाने ओढून घेतलं आणि उंचावरून हिकारात, म्हणजे वाळलेल्या फळाच्या वाटीत, धार सोडली. काठाने मोत्यांसारख्या बुडबुड्यांची माळ उभी राहिली. ती किती वेळ टिकते ते बघून ते म्हणाले, झालं. कुइशे ही आणखी एक जात आणि एस्पादिन एकत्र आंबवलेलं होतं. आधी ओल्या मातीचा, हिरव्या देठाचा वास, मागून भाजलेला गोडवा. यातलं कुइशे कुठे संपतं ते शोधायला गेलो, सापडलं नाही. सापडू नये यातच त्याची गंमत आहे.

काजरा:
अजिबात पटलं नाही. भोगीच्या भाजीत पावटा पावट्यासारखाच लागतो, दाताखाली कळतो. तुम्ही म्हणताय की काहीच ओळखू येत नाही आणि तेच चांगलं! मग एवढ्या जाती राखायच्या कशाला?

मी शिकले ती एकेका जातीतून. कुइशे कोरडा, लाकडासारखा. तेपेस्तातेत हिरवी मिरची चिरल्यासारखं काहीतरी, नाकात जाणारं. तोबाला फुलांकडे झुकतो. ही ओळख झाल्याशिवाय मिश्रण प्यायलात तर ती नुसती धुरकट दारू.

आणि खरा राग यावर आहे: दुकानात बाटलीवर 'तोबाला' ठळक, 'एस्पादिन' बारीक. प्रमाण बघायला गेलं तर छापलेलंच नाही. मोठं नाव लावून भाव वाढवायचा, आत नव्वद टक्के शेतातला माल. तुमचे म्हातारबाबा प्रामाणिक असतील हो, पण गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवायचा?

माळरान:
प्रमाण छापलंच पाहिजे, यात वादच नाही. पण एक फरक तुमच्या हिशेबात आलेला नाही. खड्ड्यातून आणि आंबवायच्या लाकडी पिंपातून सोबत गेलेलं एन्साम्ब्ले वेगळं आणि दोन तयार मेस्कल नंतर एका टाकीत ओतलेली वेगळी. पहिल्यात हवेतलं यीस्ट दोन्ही जातींच्या रसावर एकदमच काम करतं, तिथे तिसराच वास जन्मतो. दुसरं हे कारागिराच्या जिभेचं कसब आहे, त्यालाही मान आहे, पण मी बोलतोय ते पहिल्याबद्दल.

काजरा:
मग तेही बाटलीवर छापायला सांगा. मेक्सिकोच्या 2016 च्या मानकाने मेस्कल, आर्तेसानाल (कारागिरीचं) आणि आन्सेस्त्राल (पूर्वापार पद्धतीचं) असे तीन वर्ग केले. भट्टी कोणती, कुटायचं कशाने, गाळायचं कशात यावर वर्ग ठरतो. जाती पिंपात एकत्र आल्या की बाटलीत, यावर ठरत नाही. तुमचा सगळा मुद्दा ज्यावर उभा आहे तीच गोष्ट आर्तेसानाल शब्द वाचून कळत नाही.

वाखदोर:
दोघेही जातीवरच अडकलात. वाहाकातल्या सांता कातारिना मिनास गावात मातीच्या मडक्यांत गाळतात. तिथला साधा एस्पादिन घ्या आणि तांब्याच्या भांड्यातला दुसऱ्या गावचा एस्पादिन शेजारी ठेवा. जात एकच, चवीत जमीन-अस्मानाचा फरक. मी आधी भांडं विचारतो, मग गाव, मग जात.

चाखण्याबद्दलही थोडं. बाटली उघडल्या उघडल्या मत देऊ नका. दोन थेंब तळहातावर घ्या, चोळा, स्पिरिट उडू द्या. मागे उरतो तो भाजलेल्या गाभ्याचा वास, तिथे लबाडी चालत नाही. पहिला घोट अगदी छोटा, फक्त तोंड तयार करायला. मत दुसऱ्या घोटावर. आणि मोत्यांवर भाळू नका, साधारण 45 ते 55 टक्के अल्कोहोलच्या पट्ट्यात ते बुडबुडे टिकतात. ताकद सांगतात, चव नाही. पहिल्या धारेची दारू आपल्याकडे मिशीला पीळ देऊन सांगतात, पण तिथे ती धार वेगळी ठेवतात आणि कारागीर हाताने बेताने मिसळतो. एका जातीच्या बाटलीतही मिसळणं आहेच की!

सातविण:
जंगलाच्या बाजूने बोलते. अगावे आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. मेस्कलसाठी तोडायचा तर फुलाचा दांडा वाढू देत नाहीत, म्हणजे बी नाही, वटवाघळांना मध नाही. 25 वर्षांच्या तेपेस्तातेची निव्वळ बाटली भरणं मला उधळपट्टी वाटते. थोडा तेपेस्ताते, बाकी एस्पादिन, यात झाडं वाचतात. या एका कारणासाठी मी एन्साम्ब्लेच्या बाजूने.

काजरा:
सातविण, उलटंही होतं. निव्वळ तेपेस्ताते महाग, म्हणून मोजकेच घेतात. एन्साम्ब्ले स्वस्त, म्हणून प्रत्येक फळीवर. थोडं थोडं करून डोंगर तितकाच रिकामा होतो. ज्या पालेंकेवर बी पेरून रोपं लावतात आणि काही झाडं फुलायला सोडतात, तिथलंच घ्या, मग मिश्र असो की निव्वळ.

माळरान, तुमच्या म्हातारबाबांकडचं कुइशे-एस्पादिन मिळालं तर मी चाखेन. पण आधी निव्वळ कुइशे, मग निव्वळ एस्पादिन, मग ते. तुम्हाला क्रम उलटा हवा असणार.

माळरान:
हो, उलटा. आधी मिश्र, नाव न सांगता. आणि तिन्ही पेले न धुता रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी रिकाम्या पेल्यात नाक घालायचं आणि तिन्हींत जास्त काय उरलंय ते लिहायचं. डिसेंबरात जाणार आहे, त्यांनी बाटली दिली तर पुण्याला घेऊन येतो.